ओवाळून टाकलेली भाकरी

शरणाक्का सकाळी उठली की देवाकडं बघायच्या आधी कुत्रीच्या डोळ्यांत बघायची. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी हे पाहिलं. सडा टाकायला म्हणून अंगणात आले, तर शेजारच्या ओट्यावर एक उंच, वाळकी बाई मांडी घालून बसलेली. कपाळावर विभूतीचे पांढरे पट्टे, आणि मांडीवर एका काळ्याभोर कुत्रीचं डोकं. अंगठ्यानं ती कुत्रीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघत होती. मग ओठ उचलून हिरड्या बघितल्या, जीभ बघितली, नाकाला उलटा हात लावून बघितला. कुत्रीही अशी गप, जणू दवाखान्यात नंबर लावून बसलीय. सगळं तपासून झाल्यावर बाई स्वतःशीच म्हणाली, "हं. बरी हाय मी आज."

मी बादली हातात धरून तशीच उभी. तब्येत बघितली कुत्रीची, आणि म्हणते काय, तर बरी हाय मी!

तिनं मान वर केली. "नवी नवरी का गं तू? अशी काय बघायलीस? तुझ्या म्हायेरी अर्धापुराकडं आरशात बघत न्हाईत का माणसं?"

त्या दिवसापासून मी तिला अक्का म्हणायला लागले. आज तिला ओळखणारं गावात फारसं कुणी उरलं नसेल. मी स्वतः आता नांदेडला लेकीकडं असते. शाळेत चौथीपलीकडं गेले नाही. पुढचं जे काही वाचलं ते पुड्यांचे कागद उलगडून वाचलं. तेव्हा लिहिण्यात काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. पण अक्काबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि एक गोष्ट तर माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही.

आमचं गाव चाकूरच्या अलीकडं. अक्का लिंगायताची, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. तिचा धंदा विभूतीचा. शेणाच्या गोवऱ्या जाळायच्या, ती राख फडक्यातून गाळायची, पाण्यात कालवून तिचे गोळे वळायचे आणि ओट्यावर वाळत घालायचे. आसपासच्या गावांतल्या लिंगायतांच्या घरी तिच्याच हातची विभूती जायची. चाकूरच्या बाजारात तिचं पोतं अंथरलेलं असायचं, आणि पोत्याच्या कडेला ती काळी कुत्री. तिचं नाव भुंगी.

भुंगी तिला सापडली तीसुद्धा राखेतच. सकाळी भट्टीच्या खड्ड्यात हात घातला तर आत काहीतरी ऊनऊन हललं. कुठलंतरी पिलू थंडीचं येऊन कोमट राखेत झोपलेलं. "पांढरं म्हणून उचललं गं," अक्का सांगायची, "आणि झटकलं तर काळं निघालं." रोज स्वतःला विभूती लावली की तीच तीन बोटं ती भुंगीच्या कपाळावरून ओढायची. काळ्या कपाळावर तीन पांढरे पट्टे. तिन्हीसांजेला ती कुत्री ओट्यावर बसलेली दिसली की आधी नुसते ते पट्टेच दिसायचे, अधांतरी. नव्या माणसाच्या अंगावर काटा यायचा. गावचे जंगम स्वामी एकदा रागावले, "अक्का, कुत्र्याला विभूती लावतीस? लाज हाय का न्हाई?" अक्का हात जोडून म्हणाली, "स्वामी, ती राखंतनंच आली. मी काय नवं लावायले? तिचंच तिला द्यायले." स्वामींना हसू आवरेना, ते तसेच पुढं गेले.

आता जे सांगते ते गावात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. भुंगीला जे व्हायचं ते अक्काला व्हायचं. भुंगीचा मागचा डावा पाय आखडला, तर अक्का डावा गुडघा धरून बसलेली. भुंगीच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, तर अक्का पदरानं त्याच बाजूचा डोळा पुसत असायची. माझी लेक मंगल शिकलेली आहे. ती म्हणते, आई, एका खोलीत राहायचं, एकच भाकरी खायची, एकाच रांजणाचं पाणी प्यायचं, एकाच ओल्या फरशीवर झोपायचं, मग दुखणंही एकच येणार. यात आश्चर्य कसलं? हो बाई, खरं असेल. पण डावा गुडघा?

अक्का स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणायची. "आम्हाला आज जेवण जाईना." आम्ही विचारायचो, "कुणाला अक्का? तुम्हाला का भुंगीला?" तर म्हणायची, "दोघीला दोन पोटं हाईत, असं कुणी सांगितलं तुला?" बायका हसायच्या. पण हसून झाल्यावर पाठमोऱ्या झाल्या की हळूच म्हणायच्या, भुंगी ज्या दिवशी जाईल त्या दिवशी अक्का जाईल. कुत्रीचं आयुष्य ते केवढं! त्यामुळं भुंगी जशी मोठी होत गेली तसं गाव अक्काकडं जरा निराळ्याच नजरेनं बघायला लागलं. एसटीची वाट बघणाऱ्या माणसाकडं बघावं, तसं.

आता भाकरीचं सांगते.

आमच्याकडं लेकरू आजारी पडलं, ताप उतरेना, की ज्वारीची भाकरी त्याच्यावरून उतरायची आणि काळ्या कुत्र्याला घालायची. दुखणं भाकरीत येतं, भाकरी कुत्र्याच्या पोटात जाते, लेकरू सुटतं. गावात पूर्ण काळं, एक केस पांढरा नसलेलं कुत्रं एकच, भुंगी. त्यामुळं सगळ्या आळीतल्या भाकरी अक्काच्या दारी. त्याचा नियम असा, की भाकरी देताना बोलायचं नाही, आणि दिल्यावर मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर दुखणं तुमच्या मागोमाग घरी येतं. म्हणून बायका भाकरी अक्काच्या हातात ठेवून खाली मान घालून निघून जायच्या.

अक्का मात्र बोलायची. बाई वळली की मागून विचारायची, "नाव काय लेकराचं?" आणि ती बाई तशीच पाठमोरी, चालता चालता नाव सांगायची. हे नियमात कुठं बसतं, ते कुणाला माहीत नव्हतं. पण अक्कानं विचारलं म्हणजे सांगायचं, असं पडून गेलं होतं. आणि गंमत म्हणजे, बाई वळणावर दिसायच्या आधीच भुंगी उठून उंबऱ्यात उभी राहिलेली असायची. भुंकायची नाही. नुसती उभी. ती अशी उभी दिसली की आम्ही घराघरांतून एकमेकींना म्हणायचो, कुणाचं लेकरू पडलं गं?

मग तो मोठा दुष्काळ पडला. पाऊस नाही म्हणजे नाहीच. विहिरींचे तळ दिसायला लागले. गुरं काही मेली, काही छावणीत गेली, काही लोकांनी डोळे मिटून विकून टाकली. माणसं रोजगार हमीच्या आधीची ती खडी फोडायची कामं करत होती, सरकारी मदतीची सुकडी खात होती. अक्काचं दुखणं वेगळंच होतं. गुरं नाहीत म्हणजे शेण नाही, शेण नाही म्हणजे गोवऱ्या नाहीत, आणि गोवऱ्या नाहीत तर विभूती कुठली? ओटा रिकामा पडला. एकदा मी वाटीभर कण्या घेऊन गेले, तर म्हणाली, "ठेव बाई तुझ्याच चुलीपाशी. मागितलं न्हाई म्या." मी म्हटलं, अक्का, मागितलं नाही म्हणून तर आणलं. तर हसली, "आज न मागता घेतलं की उद्या वाट बघावी लागती. वाट बघणं म्हंजी मागणंच की गं."

पण ती वाळत मात्र नव्हती. गाव सगळं हाडं दाखवायला लागलं तरी अक्का होती तशी होती. बायकांना वाटायचं, भुंगीचं तेज तिला लागतं. कारण दुष्काळात आजारपणं वाढलेली, रोज कुठलं ना कुठलं लेकरू तापानं फणफणलेलं, आणि आईच्या पोटात काही नसलं तरी लेकरावरून उतरायला एक भाकरी निघायचीच. भुंगीच्या दारी भाकरी चुकत नव्हती.

त्यात माझी मंगल पडली. अंगावरचं लेकरू, नुसतं तव्यासारखं तापलेलं. सासूबाईंनी भाकरी केली. किती पातळ, काय सांगू, पलीकडचं दिसावं. मंगलवरून उतरली, पितळी ताटलीत ठेवली आणि म्हणाल्या, "जा. बोलू नको. आन् ताटली न विसरता आण, तेवढी एकच उरलीय."

दुपारची वेळ होती. बाहेर चिटपाखरू नाही. भुंगी उंबऱ्यात उभी होतीच. अक्कानं ताटली घेतली. मी वळले. मागून आवाज आला, "नाव काय गं?" मी म्हटलं, मंगल. आणि चालायला लागले. घराच्या दारात पाय ठेवला तेव्हा आठवलं, ताटली! मागं वळून बघायचं नाही हा नियम. पण ताटली नेली नाही तर सासूबाई काय करतील, हा त्याहून मोठा नियम. मी परत फिरले.

अक्काचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर माझी ताटली. भाकरीचा तुकडा मोडून ती तोंडात घालत होती, सावकाश, देवाचा प्रसाद खावा तशी. भुंगी समोर बसलेली, पुढचे पाय सरळ, तोंड मिटलेलं. एवढी उपाशी कुत्री, पण भाकरीकडं तिचं लक्षच नव्हतं. ती अक्काच्या तोंडाकडं बघत होती. आणि प्रत्येक घासाला अक्का हळू आवाजात म्हणत होती, "मंगल. मंगल."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. लाजली नाही, घाबरली नाही. शेवटचा तुकडा खाऊन झाला, ताटली पदरानं पुसली आणि माझ्यापुढं धरली.

"हिनं कधी खाल्लीच न्हाई गं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासनं न्हाई. वास घेती आन् माझ्याकडं बघती. मंग दुखणं काय दारात वाळत घालू?"

"पण अक्का, तुम्हाला होईल ना!"

"होतंय की." तिनं भुंगीच्या डोक्यावर हात ठेवला. "मला आधी आन् हिला मागनं. लोकं म्हणतेत, कुत्रीचं अक्काला लागतं. उलटं हाय ते. मी खाल्लेलं हिच्या अंगावर निघतं. म्हणून तर सकाळी हिचे डोळे बघते, रातीचं कुठवर गेलंय ते."

मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "आन् भूक बी होती. ते बी खोटं कशाला सांगू? मागितलेलं न्हाई हे. टाकलेलं हाय. टाकलेलं खाल्लं तर कुणाचं मिंधं व्हावं लागत न्हाई."

मंगलचा ताप त्याच संध्याकाळी उतरला. सकाळी ओट्यावर अक्का दिसली नाही. दुपारी डोकावले तर घोंगडी पांघरून पडलेली, दात वाजत होते. पायाशी भुंगी, नाक कोरडं, अंग गरम. मला बघून अक्का हसली, "तुझी मंगल हाय आमच्याकडं. दोन दिवस ऱ्हाईल, मंग जाईल. जा तू." आणि खरंच, दोघी उठल्या.

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं? भानामतीचं नाव तेव्हा आमच्या भागात पटकन निघायचं. एखादी बाई जरा वेगळी वागली की तिच्यामागं काय काय लावतील याचा नेम नव्हता. ओवाळून टाकलेलं खाणारी बाई, हे गावाला कळलं असतं तर तिला वेशीबाहेर काढली असती. आणि दुसरं खरं सांगू का? माझी मंगल बरी झाली होती.

पुढं पाऊस आला, ज्वारी आली, गुरं आली, ओटा पुन्हा पांढऱ्या गोळ्यांनी भरला. मला वाटलं, आता अक्का सोडेल. पण एक दिवस बघते तर भुंगी उंबऱ्यात उभी. मी नंतर जाऊन म्हटलं, "अक्का, आता का? आता तर घरात दाणे आहेत."

अक्का गोळे वळत होती. हात पांढरेशुभ्र. म्हणाली, "तवा भूक बी होती. आता नावं पाठ झाली गं सगळ्यांची. गल्लीत लेकरं खेळायला लागली की वाटतं, ह्याचा खोकला माझ्याकडं हाय, तिचा गोवर माझ्याकडं हाय. परत कसं द्यावं?" मंगल तिच्या ओट्यावर खेळायला गेली की अक्का तिला जवळ ओढून सगळ्यांदेखत म्हणायची, "ही माझ्या पोटात हाय." मंगल म्हणायची, मी तर इथं आहे! अक्का म्हणायची, "इथं बी हाईस." लोकांना वाटायचं, निपुत्रिक बाईची माया. मला मात्र प्रत्येक वेळी ती पितळी ताटली आठवायची.

वर्षं गेली. भुंगीच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले. अक्का म्हणायची, "आता विभूती लावायची बी गरज न्हाई, तिची तीच लावून घ्यायली." आणि त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. आमच्याकडं केवढा आनंद! बोर्डावरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून लोकांनी 'जि. लातूर' रंगवलं. आता सगळी कचेरीची कामं जवळ, दवाखाना जवळ. माझे मालक अक्काला म्हणाले, "अक्का, जिल्हा जवळ आला आपल्या!" अक्का म्हणाली, "त्यो आला व्हय? मला वाटलं आपल्यालाच उचलून न्हेतेत." त्या साली पाऊस पुन्हा ओढ देऊन बसला होता. रांजणात शिळं पाणी दिवस-दिवस ठेवायचं, आणि पाण्याच्या वासानं उंदीर घरभर झालेले.

एका सकाळी मी सडा टाकत होते. अक्का ओट्यावर भुंगीचा डोळा बघत बसलेली. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत होती. मग म्हणाली, "सुमन, इकडं ये गं जरा. माझी नजर गेलीय का बघ. हिचा डोळा कसा दिसतो तुला?"

मी वाकून बघितलं. डोळ्याचं पांढरं हळदीसारखं पिवळं. हिरड्या पिवळ्या. मी मान वर करून अक्काकडं बघितलं. अक्काचेही डोळे तसेच.

"पिवळा दिसतोय," मी म्हटलं.

"आन् माझा?" तिनं विचारलं. मी बादली उचलली. ती म्हणाली, "हं."

तोवर भुंगीनं खाणं सोडलं होतं, उठून उभी राहायची ताकद नव्हती. गावात कुजबुज सुरू झाली, भुंगी चालली, आता अक्का चालली. त्यांना वाटत होतं आधी भुंगी, मग अक्का. अक्काच्या मनात काय आहे ते मला एकटीला दिसत होतं. तिला स्वतःची फिकीर नव्हती. आपण एवढी वर्षं जे खाल्लं ते आता या मुक्या जिवावर निघालंय, आणि हे शेवटचं आहे, असं तिनं धरलं होतं. तिला फक्त भुंगी वाचवायची होती. आणि मला अक्का.

आम्ही बैलगाडीत भुंगीला घालून चाकूरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं नांदेडकडचे एक तरुण डॉक्टर नुकतेच आले होते. बोलायला गोड. त्यांनी भुंगीला तपासलं, इंजेक्शन भरलं. मग त्यांची नजर अक्काकडं गेली आणि सुई हातातच राहिली.

"मावशी, जरा उजेडात या. डोळे बघू तुमचे."

अक्का म्हणाली, "जनावराच्या दवाखान्यात मला बी दाखल करता का, साहेब?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, कुत्रीला जे झालंय तेच तुम्हाला झालंय. उंदरांच्या लघवीनं पाणी खराब होतं, त्यातून येतो हा रोग. जनावरालाही होतो, माणसालाही. हिला मी इंजेक्शन देतो. तुम्ही लातूरला जा, आजच्या आज. तिथं इलाज आहे. उशीर करू नका."

अक्का भुंगीजवळ सरकली. मग विचारलं, "साहेब, एक सांगा. हिच्यापासनं मला झालं, का माझ्यापासनं हिला?"

"ते आता कसं सांगणार? दोघींनी एकच पाणी प्यायलं असेल."

"एकच पितो आम्ही."

"मग दोघींना एकदमच झालं असेल. आणि दोघी बऱ्या व्हाल, मावशी."

गाडीत बसल्यावर अक्का मला म्हणाली, "लई चांगलं पोरगं हाय. पण एकदम कसं होईल गं? कुणीतरी आधी असतंच."

मी तिच्या हातापाया पडले, अक्का, चला लातूरला. म्हणाली, "आज घर सोडून कशी येऊ? सकाळच्या एसटीनं जाऊ. तुझ्या गळ्याची शप्पथ." गळ्याची शपथ म्हटल्यावर मी गाडी गावाकडं वळवू दिली.

सकाळी मी पिशवी घेऊन तिच्या दारात गेले. चूल पेटलेली होती. अक्काला धड उभं राहता येत नव्हतं, पण तिनं बसल्या जागी एक भाकरी थापून भाजलेली. चांगली जाड, टम्म फुगलेली. भुंगी पोत्यावर पडून होती, डोळे मिटलेले. अक्का ती भाकरी घेऊन सरकत सरकत तिच्याजवळ गेली आणि भुंगीच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत उतरू लागली. माणसाच्या लेकरावरून उतरतात ना, अगदी तशी.

माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, "अक्का, नको. तुमच्या पोटात घोटभर पाणी ठरत नाही."

तिनं बोट ओठांवर ठेवलं. बोलायचं नाही. मग स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाली, "नाव काय लेकराचं?" आणि आपणच उत्तर दिलं, "भुंगी."

तिनं ती अख्खी भाकरी खाल्ली. कसे घास गिळले असतील ते तिचं तिला माहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घशात अडकत होतं, पण एक कण खाली पडू दिला नाही. प्रत्येक घासाला नाव. खाऊन झाल्यावर हात पुसले, विभूती लावली, तीच बोटं भुंगीच्या कपाळावर ओढली आणि माझ्याकडं बघून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "चल आता कुठं न्हेतीस तिथं."

लातूरला तिला लगेच दाखल करून घेतलं. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. तिथल्या लोकांनी कष्ट कमी केले नाहीत. पण रोज सकाळी ती मला विचारायची, "सुमन, डोळे बघ गं माझे." मी म्हणायची, जरा कमी झालंय पिवळं. ती हसायची. "माझ्यात कमी झालं असं म्हणू नगंस. तिच्यात कमी झालं असंल, तेवढंच बास." शेवटी शेवटी ती बडबडायला लागली. बाजूच्या खाटेवरच्या बायका म्हणायच्या, काय म्हणतायत आजी? मी ऐकलं. नावं घेत होती. गल्लीतल्या लेकरांची, आता बाप्ये झालेल्यांची, लग्न होऊन सासरी गेलेल्यांची. त्यात मंगल पण आलं. शेवटचं भुंगी. मग काही नाही.

मालकांनी जीप केली आणि आम्ही अक्काला घेऊन गावाकडं निघालो. वेशीत जीप वळली आणि ड्रायव्हरनं एकदम ब्रेक दाबला.

रस्त्याच्या मधोमध भुंगी उभी होती.

मी तिला पोत्यावर मरणाला टेकलेली सोडून गेले होते. सासूबाईंनी नंतर सांगितलं, चाकूरचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन जायचे, तरी तिच्यात काही जीव नव्हता. त्या दिवशी मात्र उन्हं डोक्यावर आली तशी आपण होऊन उठली, घोटघोट पाणी प्यायली आणि चालत वेशीकडं गेली. मी विचारलं, किती वाजता? सासूबाईंना घड्याळ कळत नव्हतं. म्हणाल्या, उन्हं डोक्यावर होती. लातूरला अक्का गेली तेव्हाही उन्हं डोक्यावरच होती.

मी जीपमधून उतरले, खाली बसले आणि भुंगीची पापणी ओढून बघितली. माझी मीच कधी ती रीत उचलली होती कोण जाणे. डोळा स्वच्छ, पांढरा. कपाळावर अक्कानं ओढलेले पट्टे अजून होते.

लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. अक्काला मांडी घालून बसवलं, कपाळभर तिच्याच हातची विभूती. जंगम स्वामींनी विधी केला. भुंगी जरा लांब, पुढचे पाय सरळ करून, तोंड मिटून बसली होती. माती टाकून झाली, सगळे उठले. स्वामी जाताना तिच्यापाशी थांबले. मला वाटलं हाकलतील. त्यांनी वाकून आपलं विभूतीचं बोट तिच्या कपाळावर टेकवलं आणि निघून गेले.

त्यानंतर भुंगी माझ्या ओट्यावर राहायला आली. मी बोलावलं नव्हतं. आपण होऊन आली आणि बसली. म्हातारी होती, तरी तिच्यापुढची पुष्कळ वर्षं बाकी असल्यासारखी बसली.

काही दिवस असेच गेले. एका दुपारी मी ज्वारी निवडत होते. भुंगी उठली. उंबऱ्यात जाऊन उभी राहिली, भुंकली नाही. मी गल्लीकडं बघितलं, कुणीच नव्हतं. मग वळणावरून खालच्या आळीतली एक तरणी सून आली, पदराखाली ताटली. मान खाली. तिनं भाकरी माझ्या हातात ठेवली आणि वळली. भाकरी अजून ऊन होती. मी ती भुंगीपुढं धरली. तिनं वास घेतला. तोंड मिटूनच राहिली, आणि मान वर करून माझ्याकडं बघायला लागली.

ती सून चालत होती. एकेक पाऊल लांब जात होती.

"अगं," मी मागून हाक मारली, "नाव काय लेकराचं?"

ती थांबली नाही, वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "संतोष."